आमच्या लॅबमधल्या घाबरलेल्या पेशी

आमच्या लॅबच्या डीप फ्रीजरमध्ये बर्फ कुणी ठेवत नाही. तरी काही महिने गेले की त्याचं दार लागेनासं होतं आणि आतला बर्फ खरवडून काढावा लागतो. किश्शांचंही तसंच आहे. जमवायला कुणी बसत नाही, पण एक दिवस दार लागत नाही!

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "अनू, दिवसभर तिथं करतीस तरी काय गं?"

मी म्हटलं, "आम्ही मेंदूच्या पेशी मारतो."

तिनं हातातला चहा खाली ठेवला. "त्याला एवढं शिकायला लागतं? आमच्यात टीव्हीवर मालिका लावत्यात."

तर आधी नीट सांगते. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात, जिन्याखालच्या दोन खोल्यांत आमची लॅब आहे. व्हायरस शिरला की मेंदूच्या पेशी नेमक्या कशानं मरतात, पेशीच्या आत कुठला रेणू काय गडबड करतो, हे आम्ही बघतो. माणसं तीन. देसाई मॅडम आमच्या हेड, मूळच्या गडहिंग्लजच्या. सेंट्रिफ्यूज घरघरत असतानाही त्यांचा आवाज गेटवरच्या वॉचमनला ऐकू जातो. दुसरा सूरज, वारणानगरच्या कॉलनीत वाढलेला, आमचा पीएचडीचा विद्यार्थी. आणि तिसरी मी, सगळ्यात हुशार. किस्से मी सांगत असल्यामुळे ह्यावर वाद होणार नाही.

*

सूरज इंटरव्ह्यूला आला तो दिवस मला चांगला आठवतो. त्याच्या आधीच्या उमेदवारांनी "विज्ञानाची सेवा", "समाजाचं ऋण" असं काय काय सांगितलं होतं. मॅडम जांभया दाबून बसल्या होत्या.

सूरजला विचारलं, "तुला कशाला करायचीय पीएचडी?"

तो म्हणाला, "आईला एक गोष्ट पटवायचीय, मॅडम. माझ्या नुसत्या बोलण्यानं पटत न्हाय."

मॅडम सावरून बसल्या. मग त्यानं सांगितलं. त्याचा धाकटा भाऊ संदीप लहान असताना आई त्याला घेऊन दोन दिवस माहेरच्या यात्रेला गेली होती. परत आली आणि दुसऱ्याच दिवशी पोराला ताप भरला, मग झटके. डॉक्टरांनी व्हायरसचा मेंदूज्वर सांगितला. संदीप वाचला, पण उजवा हात जड राहिला आणि बोलणं सावकाश झालं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आजी आईला एवढंच म्हणाली, "माहेरच्या यात्रेची हौस नडली." आजी पुढं वारली, पण ते वाक्य घरातून गेलं नाही. आईनं त्यानंतर माहेरच्या यात्रेत पाऊल ठेवलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "अरे, पण व्हायरस आज शिरला आणि उद्या ताप, असं हुतंय व्हय? तो आधी कितीतरी दिवस अंगात बसून असतो. यात्रेच्या आधीच घरात शिरला असणार तो."

"मी हेच सांगतोय तिला, बारावीपासनं. ती म्हणती, तू पोरगा हाईस माझा, तू असंच बोलणार."

मॅडमनी त्याच्या फाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्या आईला मी केलेली आमटी अजून पटली न्हाय, आणि माझी पीएचडी होऊन जमाना झाला. बरं, सोमवारपासनं ये."

*

सूरजला मंगळवार पेठेत खोली मिळाली. घरमालकीण काकू झकास. सकाळचा चहा त्यांच्याकडेच. एक दिवस त्यांनी लॅबचं ओळखपत्र वाचलं आणि चहा दाराबाहेर पायरीवर आला!

"काकू, असं काय?"

"तू व्हायरसवाला हाईस म्हणं. आमच्यात म्हातारं माणूस हाय बाबा."

सूरजनं समजावलं, की खरा व्हायरस आमच्याकडे नाहीच. तो ठेवायला फार मोठी, कडेकोट लॅब लागते. आम्ही व्हायरसच्या आरएनएसारखा दिसणारा एक नकली रेणू पेशींना देतो. पेशींच्या आत पहारेकरी प्रथिनं असतात. त्यांना वाटतं, व्हायरसच घुसला! मग पेशी प्रथिनांचा कारखाना थांबवते, धोक्याची रसायनं सोडते, शेजारच्या पेशींना निरोप धाडते. ती सगळी पळापळ आम्ही बघत बसतो.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे चोर आलेला नसताना चोर चोर म्हणून वरडायचं, आणि गल्ली कशी पळती ते खिडकीतनं बघायचं?"

"तसंच की, काकू!"

"लॅबात कर. आमच्या गल्लीत केलास तर मार खाशील."

पण चहा परत आत आला.

*

मॅडमचं शिकवणं ऐकायला दुसऱ्या वर्गातली पोरं येऊन बसतात. एकदा त्या न्यूरॉनच्या, म्हणजे मेंदूतल्या मुख्य पेशींच्या मरणाचे प्रकार शिकवत होत्या. एक पेशी आवराआवर करून मरते. स्वतःचा डीएनए कापते, सगळं छोट्या पुड्यांत बांधते आणि शेजाऱ्यांना त्रास न देता जाते. दुसरी फुटते. आतलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूच्या पेशीही त्यात होरपळतात.

मॅडम म्हणाल्या, "आणि ध्यानात ठेवा, कातडीची पेशी मेली तर नवीन येती. न्यूरॉन गेला, की त्याच्या जागी सहसा कोण येत न्हाय."

मागच्या बाकावरनं एक पोरगं उठलं. "मॅडम, मेंदू एवढा शाना हाय म्हणता, मग बदली माणूस का ठेवत न्हाय?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

"तुझ्या आईच्या डोक्यात तुझी आठवण हाय. ती धरून बसलेली पेशी गेली आणि बदलीवर दुसरी आली, तर तिला तू कोण हे कसं कळंल रे? उद्या जेवायला घालंल का तुला?"

पोरगं उभ्या उभ्या विचारात पडलं. मग म्हणालं, "न्हाय मॅडम. हाय तीच पेशी असू दे."

*

आता माझा. एकदा कॉलेजची लाईट गेली आणि जनरेटरनंही मान टाकली. पेशी सदतीस डिग्रीत ठेवाव्या लागतात, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. मॅडमच्या मैत्रिणीची लॅब रंकाळ्याच्या पलीकडे, तिथं लाईट होती.

मॅडम म्हणाल्या, "अनू, गाडी काढ. पोटाशी धरून ने. अंगाची ऊब तेवढीच असती."

मी पेशींचा फ्लास्क फडक्यात गुंडाळून स्वेटरच्या आत घातला, वरनं ओढणी आवळून बांधली आणि स्कूटर हाणली. गडबडीत हेल्मेट टेबलावरच राहिलं. सिग्नलला ट्रॅफिक हवालदारानं शिट्टी मारली. एवढ्या उन्हाचं स्वेटर घातलेली बाई, एक हात पोटावर!

"ओ ताई, पोटाशी काय हाय?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "मेंदूच्या पेशी हायत, साहेब. गार हुतील, सोडा लवकर."

"कुणाच्या?"

"उंदराच्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या मोकळ्या डोक्याकडे बघितलं. मग गाडी पुढं घ्यायची खूण करत शेजारच्या हवालदाराला म्हणाला, "बघ, उंदराचा मेंदू स्वेटरात, आणि स्वतःचा उघड्यावर!"

पेशी जगल्या. पुढच्या आठवड्यात त्याच चौकात त्यानं माझं हेल्मेट बघितलं आणि सलाम ठोकला.

*

हा किस्सा थोडा सविस्तर सांगते, कारण आमची सगळी लॅब ह्यावर उभी आहे.

मेंदूत न्यूरॉनच्या सोबतीला मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. काम राखण करण्याचं, म्हणून आम्ही त्यांना राखणदारच म्हणतो. सूरज एका डिशमध्ये न्यूरॉन वाढवायचा, दुसरीत राखणदार. नकली रेणू दोन्हींत घालायचा. न्यूरॉन जरा कुरकुरायचे, पण मरायचे नाहीत. सूरज वैतागला होता. ज्या मरणाचा शोध लावायला आला, ते मरणच होईना!

पेशी ज्या गुलाबी द्रवात वाढतात ते त्यांचं जेवण. दोन दिवसांनी ते बदलायचं आणि जुनं टाकायचं. आमच्या लॅबमध्ये त्या जुन्याला 'उष्टं' म्हणतात. आता सूरजच्या आईचा घरी दंडक आहे, ताटातलं काही टाकायचं नाही. त्या वळणावर वाढलेला हा गडी उष्टंसुद्धा बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायचा! मी कितीदा ओरडले. "असू दे की, कधीतरी लागंल," म्हणायचा.

मग व्हायचं ते झालं. एका सकाळी त्यानं न्यूरॉनना ताज्याच्या ऐवजी चुकून, नकली रेणू दिलेल्या राखणदारांच्या डिशमधलं उष्टं घातलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर न्यूरॉनची रया गेलेली. लांब लांब तंतू मण्यांसारखे फुगून तुटलेले, पेशी गोळा होऊन तरंगायला लागलेल्या. आणि ह्या न्यूरॉनना नकली रेणू दिलाच नव्हता!

मॅडमनी आधी सूरजला झाडला. "उष्टं खाऊ घालतोस व्हय रे पेशींना? भिकाऱ्यागत?" मग बोलता बोलता त्या एकदम थांबल्या आणि परत मायक्रोस्कोपला डोळा लावला. मॅडम गप्प बसल्या की आम्हाला धडकी भरते.

"सूरज."

"चुकलो, मॅडम."

"चुकलास न्हवं? तशीच चूक परत करून दाखव. मग अनूला पण करायला लाव. तिच्याकडनं पण हीच झाली, की त्याला रिझल्ट म्हणायचं!"

माझ्याकडनं पण झाली. मग उलगडलं. राखणदारांना धोका दिसला, की ते आपले फांद्यांसारखे हात आखडून घेतात, फुगतात, आणि शत्रूला मारायची रसायनं सोडायला लागतात. त्यांना वाटतं आपण घर वाचवतोय. पण ती रसायनं शेजारच्या न्यूरॉनला लागतात. न्यूरॉनच्या आत कॅल्शियमचा लोंढा घुसतो, मायटोकॉन्ड्रिया म्हणजे त्याची वीजघरं बंद पडतात आणि पेशी मरते. व्हायरसनं स्वतः जेवढं मारलं नसतं, तेवढं घरच्यांच्या हातनं होतं. जगातल्या मोठ्या लॅबना हे आधीपासून माहीत होतं. पण जिन्याखालच्या खोलीत, आपल्या डोळ्यांनी बघायची मजा वेगळीच! मॅडमनी त्या दिवशी स्वतः मिसळ आणली आणि जाहीर केलं, की सूरज सोडून कुणीही उष्टं ठेवायचं नाही.

*

सूरजला वाटलं, आता आईला पटणार. त्यानं मराठीत स्लाईड केल्या, त्यावर बाण काढले, लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला आणि वारणानगरच्या कॉलनीत सेमिनार दिला. श्रोते आई, वडील, संदीप आणि शेजारच्या दोन बायका. हे सगळं मला सूरजनंच सांगितलं, कपाळ बडवत.

तासभर बोलून तो थांबला. "कळलं काय, आई?"

"कळलं की. चित्रं लई चांगली हायत. रंग तूच भरलास?"

शेजारणीनं विचारलं, ह्यात गुडघेदुखीचं काही आहे का. संदीप तेवढा शेवटपर्यंत मन लावून बघत होता. सूरजनं आशेनं त्याला विचारलं, "तुला काय कळलं रे?"

संदीप सावकाश बोलतो, पण एक शब्द वाया घालवत नाही. "तू... लई... बोलतोस."

त्याच आठवड्यात मामा यात्रेचं आवतण घेऊन आला. तो दर वर्षी येतो, दर वर्षी चहा पितो, आणि दर वर्षी आई काहीतरी कारण देते. ह्या वेळी म्हणाली, "मला कुठलं जमतंय? गुरं कोण बघणार?"

मामानं इकडं तिकडं बघितलं. "आक्का, कॉलनीत राहतीस तू. गुरं कुठं हायत तुझ्यात?"

आई उठून आत गेली. मामानं कप खाली ठेवला आणि तो निघाला. सूरज म्हणाला, "अनू, मामा आता म्हातारा झालाय. अजून किती वर्षं येईल बोलवायला?"

*

सूरजच्या कामाचा आढावा घ्यायला बाहेरून एक मोठे सर आले होते. टाय, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं मोजून मापून. सूरजनं झकास सांगितलं. शेवटी सर म्हणाले, "इंटरेस्टिंग. पण मला एका वाक्यात सांगा. न्यूरॉन मेला, तर कल्प्रिट कोण? व्हायरस, की मायक्रोग्लिया? दोषी कुणाला धरायचं?"

मी सूरजकडे बघितलं तर चेहरा उतरलेला. ह्या एका प्रश्नावर त्याच्या घरात इतकी वर्षं निघाली होती, हे त्या सरांना कुठून ठाऊक असणार?

मागच्या खुर्चीतून आवाज आला. "सर, दोषी धरायला पोलीस स्टेशन हाय, लक्ष्मीपुरीत. आमी इथं कारण शोधतो."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, हे वाक्य मी माझ्या लेक्चरमध्ये वापरलं तर चालेल?"

"वापरा की! लक्ष्मीपुरी तेवढं बदला."

*

शेवटचा किस्सा ह्याच वर्षीचा.

संदीपला तपासणीसाठी कोल्हापुरात आणलं होतं. ते आटोपून सूरजची आई त्याला घेऊन लॅबवर आली. हातात भाकरी आणि झुणक्याचा डबा, सूरज नीट जेवत नाही म्हणून. चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, "राहू द्या काकू, चालतात." तर म्हणाल्या, "नको गं, तुमचं कामाचं ठिकाण हाय."

मॅडमनी खुर्ची पुढं केली. "आक्का, बसा. माहेर कुठलं तुमचं?"

काकूंनी गावाचं नाव सांगितलं. मॅडमच्या गावापासून दोन गावं सोडून. "मग तर तुमी माझ्या माहेरच्याच की! यात्रा जवळ आली न्हवं तुमची?"

सूरजनं डोळे मिटून घेतले. मॅडमच्या लक्षात आलं, पण सुटलेला शब्द परत कसा घेणार? काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. संदीप फिरत्या स्टुलावर बसून हळूहळू गोल फिरत होता.

मीच काहीतरी करायचं म्हणून म्हटलं, "काकू, सूरजच्या पेशी बघताय? जिवंत हायत. हालत्यात."

मायक्रोस्कोपच्या कॅमेऱ्यानं दिवसभराची फिल्म घेतलेली होती, ती स्क्रीनवर लावली. न्यूरॉन हिरवे, राखणदार लाल. ह्या वेळी सूरजनं लेक्चर दिलं नाही. बिचारा खचलेलाच होता. नुसता शेजारी उभा राहून दोन-दोन शब्दांत सांगत गेला.

"ह्या हिरव्या, त्या विचार करणाऱ्या. लाल हायत ते राखणदार."

"हं."

"आता धोक्याची चाहूल लागली बघ. लाल धावायला लागल्या."

स्क्रीनवर लाल पेशी हात आखडून फुगल्या, सरकत सरकत हिरव्यांपाशी गेल्या. हिरवे तंतू आधी फुगले, मग एकेक तुटत गेले. काकू पुढं वाकल्या.

"ह्या कशाला मारायल्यात त्यांना?"

"मारत न्हाईत, आई. वाचवायला गेल्यात. त्यांना वाटतंय शत्रू हाय, म्हणून जीव तोडून लढायल्यात. त्यातच ह्या हिरव्या मरत्यात."

"आपल्याच?"

"आपल्याच."

काकूंनी फिल्म परत लावायला सांगितली. मी लावली. संपल्यावर परत लावायला सांगितली. संदीपचं स्टूल थांबलं होतं, तोही बघत होता. लाल पेशी पुन्हा धावल्या, हिरवे तंतू पुन्हा तुटले, आणि शेवटी त्या विस्कटलेल्या हिरव्या तुकड्यांच्या मधोमध एक लाल पेशी तशीच थांबून राहिली. काकूंनी तिच्यावर बोट ठेवलं.

"हिला कळलं का गं नंतर?"

"काय, काकू?"

"आपल्या हातनं काय झालं ते."

सूरजनं माझ्याकडे बघितलं, मी मॅडमकडे. आमच्या मॅडमकडे सगळ्या प्रश्नांना उत्तर असतं. त्या काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलल्या.

"न्हाय, आक्का. पेशी हाय ती. तिला काय कळत न्हाय."

"मग बरं हाय बिचारीचं."

काकूंनी पदराच्या टोकानं स्क्रीनवरची धूळ पुसली, नेमकी त्या लाल पेशीवरची. मग सूरजकडे वळल्या.

"मामाला फोन लाव. म्हणावं, यात्रेला येतो. आणि संदीपला बी घेऊन येतो."